‘हे मी अजून ऐकलंच नाही’ म्हणताना संगीतप्रेमी का अडखळतात?

डिसेंबर आला की फोनवरची गाण्याची अ‍ॅप्स वर्षभराचा हिशेब हातात देतात. कोणता गायक सगळ्यात जास्त ऐकला, कोणतं गाणं किती वेळा लावलं, सगळं त्यात येतं. लोक तो हौसेने स्टेटसला ठेवतात, पण ठेवायच्या आधी यादीवरून एकदा नजर फिरवतात. पहिल्या नंबरवर भीमसेन जोशी आले तर लगेच ठेवतात. वरातीतलं एखादं गाणं पहिलं आलं, की ‘नको, राहू दे’. स्पॉटिफायमध्ये तर आपण काय ऐकतोय ते ओळखीच्यांना दिसू नये म्हणून ‘प्रायव्हेट सेशन’ नावाची सोयच करून ठेवली आहे. म्हणजे लपवून ऐकणारे पुष्कळ आहेत, आणि हे कंपनीलाही ठाऊक आहे.

गाणं हा आनंदाचा विषय, मग त्यात लपवण्यासारखं काय असतं? सोलापुरात हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण इथे एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चारही बोलींतली गाणी कानावर पडतात, आणि कुठलं मोठ्याने लावायचं, कुठलं हेडफोनमध्ये, याचे अलिखित नियम लहान पोरांनाही पाठ असतात. हा संकोच कुठून येतो यावर गेल्या साठेक वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. ते सोप्या भाषेत मांडायचा हा प्रयत्न.

आधी गुंता सोडवू

संकोचाची कबुली देणारे सगळे एकच गोष्ट सांगत नसतात. कुणी म्हणतो, ‘गीतरामायणातली छप्पन्न गाणी आहेत म्हणे, मला पाच-सहाच येतात.’ कुणी म्हणतं, ‘नाट्यसंगीत सुरू झालं की मला पुढे ढकलावंसं वाटतं.’ आणि एखादी ताई हळूच सांगते, ‘मला लावणी फार आवडते, पण घरात पाहुणे असताना लावत नाही.’

पहिल्याला वेळ मिळालेला नाही. दुसऱ्याचा कान वेगळ्या गाण्यांवर घडला आहे. तिसरीने गाणं ऐकलेलंही आहे आणि तिला ते आवडतंही, तिची अडचण आसपासच्या माणसांची आहे. आपण तिघांनाही ‘संगीतातलं कळत नाही’ या एकाच खात्यात टाकतो.

न ऐकलेलं राहणारच

वेळेचा मुद्दा झटकन संपवता येतो. २०२२ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने आपल्याकडे दहा कोटी गाणी झाल्याचं जाहीर केलं. एक गाणं चार मिनिटांचं धरा आणि रात्रंदिवस न झोपता ऐकत राहा, सुमारे ७६० वर्षं लागतील. आणि त्यात खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं, दिंडीतली भजनं, जत्रेतले शाहीर धरलेलेच नाहीत. तुकोबांच्या गाथेतच साडेचार हजारांच्या घरात अभंग आहेत, त्यातले चालीवर ऐकलेले किती, असं विचारलं तर वर्षानुवर्षं वारी करणारे वारकरीही हसतील. कुणी कितीही मोठा रसिक असो, त्याने न ऐकलेलं ऐकलेल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्तच असणार.

कान घडतो कसा?

खरा विषय इथे सुरू होतो. ‘अमक्याला उपजत कान आहे’ असं आपण सहज म्हणून जातो. मला ते फारसं पटत नाही. आवड बहुतांशी घडते, आणि ती घडवणाऱ्या काही गोष्टी आता बऱ्यापैकी स्पष्ट झाल्या आहेत.

एक म्हणजे सवय. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं, की एखादी अनोळखी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली तर केवळ ओळखीमुळे ती बरी वाटू लागते. याला परिचयाचा परिणाम म्हणू. कडक भाकरी बाहेरगावच्या पाहुण्याच्या ताटात पहिल्यांदा पडते तेव्हा तो ती मोडायची कशी याच विचारात असतो, आणि इथल्या माणसाला शेंगाचटणीबरोबर तिच्याशिवाय दुसरं काही नको असतं. दोघांच्या जिभा सारख्याच, सवय वेगळी. ज्या घरात सकाळी रेडिओवर अभंग लागत होते तिथल्या मुलाला अभंग आवडणं हा त्या मुलाचा मोठेपणा नाही, आणि ज्या घरात लागत नव्हते तिथल्या मुलाचा तो कमीपणाही नाही.

दुसरं म्हणजे वय. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. सरासरीने लोकांना सगळ्यात जास्त आवडली ती आपण साडेतेवीस वर्षांचे असतानाच्या आसपासची गाणी. या आकड्यावर पुढे वाद झाले, पण तरुणपणातलं गाणं मनात खोलवर बसतं हा अनुभव सार्वत्रिक आहे. ‘आमच्या वेळची गाणी म्हणजे गाणी’ हे वाक्य प्रत्येक पिढी मनापासून म्हणते, त्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: अपेक्षा. २०११ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवडतं संगीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. आनंदाशी जोडलेलं डोपामिन हे रसायन अंगावर काटा येण्याच्या क्षणी मेंदूत सुटत होतं, आणि त्याच्या आधी, ‘आता ती जागा येणार’ या वाट पाहण्यातही सुटत होतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज असेल तरच वाट पाहता येते, आणि वाट पाहिली तर आनंद दुप्पट. अंदाजच नसेल तर निम्मं सुख आधीच गेलं.

ख्याल कंटाळवाणा वाटतो तो नेमका का

‘शास्त्रीय संगीताला मान आहे, पण ऐकताना झोप येते’ ही कबुली बहुधा सगळ्यात जास्त दिली जाते आणि सगळ्यात जास्त लपवलीही जाते. म्हणून ती जरा जवळून पाहू.

ख्याल हा शास्त्रीय गायनाचा मुख्य प्रकार. त्यातला संथ लयीतला बडा ख्याल बऱ्याचदा विलंबित, म्हणजे संथ, एकतालात असतो. एकताल बारा मात्रांचा. मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका, आणि बारा मात्रांचा एक फेरा म्हणजे आवर्तन. सिनेमाच्या गाण्यात तालाचा एक फेरा दोन-चार सेकंदांत पुरा होतो, त्यामुळे न मोजताही पाय हलतो. अतिविलंबित लयीत एकेक मात्रा चार-चार सेकंदांची असू शकते. म्हणजे एक फेरा अठ्ठेचाळीस सेकंदांचा. उस्ताद अमीर खाँसारखे गायक याच संथपणासाठी नावाजले गेले. सवय नसलेल्या कानाला इतका लांबचा फेरा हा फेरा आहे हेच कळत नाही. गायक आणि तबलजी मिळून ज्या जागेकडे निघाले आहेत ती त्याला दिसत नाही, म्हणून काहीच घडत नाही असं वाटतं आणि डोळे मिटू लागतात.

ती जागा म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा. ती पकडायला मात्रा मोजत बसायची गरज नाही. तबल्याकडे कान द्या. विलंबित एकतालाच्या ठेक्यात ‘तिरकिट’ दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर डग्ग्याची, म्हणजे जोडीतल्या खर्जाच्या तबल्याची, गुंज थांबते, ‘तू ना क त्ता’ असे कोरडे बोल येतात. दुसऱ्या तिरकिटनंतर डग्गा पुन्हा घुमतो, ‘धी ना’, आणि लगेच सम. त्याच सुमाराला गायक बंदिशीची सुरुवातीची ओळ, म्हणजे मुखडा, उचलतो आणि दोघे एकत्र समेवर येतात. मुखडा ओळखीचा झाला की पाच-सहा आवर्तनांत कान आपोआप वाट पाहू लागतो. गायक आलापात लांब गेला, आता हा वेळेत परत कसा येणार, अशी काळजी ज्या क्षणी वाटली त्या क्षणी तुम्ही ख्याल ऐकायला लागलात. त्यानंतरही आवडला नाही तर नाही आवडला. पण आधी जो कंटाळा होता तो गाण्याबद्दल काहीच सांगत नव्हता.

मग यात लाजायचं काय?

याचं उत्तर मेंदूत सापडत नाही, ते समाजात शोधावं लागतं. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिए यांनी १९६० च्या दशकात हजारापेक्षा जास्त लोकांना त्यांच्या आवडीनिवडी विचारल्या आणि १९७९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. उच्चशिक्षित घरांतले लोक बाखच्या अवघड रचनांचं नाव घेत होते, कामगार वर्गात ‘ब्लू डॅन्यूब’ या लोकप्रिय वॉल्ट्झला पसंती होती. बूर्दिए म्हणाले, आवड ही पैशासारखी चालते. कुठल्या गाण्याचं नाव घेतलं की आपली वट वाढते हे माणसं नकळत शिकतात. या न दिसणाऱ्या संपत्तीला त्यांनी सांस्कृतिक भांडवल म्हटलं.

आपल्याकडे ही उतरंड फ्रान्सपेक्षा जुनी आणि जास्त कडक आहे, कारण तिच्यात जात मिसळलेली आहे. शाहीर राम जोशी सोलापूरचे. घराणं वेदविद्येचं आणि पुराणिकांचं. लावणीच्या आणि तमाशाच्या ओढीपायी थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढलं, असं परंपरेने सांगितलं जातं. पुढे ते विद्वान कीर्तनकार म्हणूनही गाजले आणि लावणीकार म्हणूनही, आणि मोरोपंतांसारखा पंडित कवी त्यांचा चाहता होता. माणूस एकच, पण एक आवड घराला शोभली आणि दुसरीने दार बंद केलं. ही गोष्ट पेशवाईतली. आजही याच जिल्ह्यात मोडनिंबच्या कलाकेंद्रांत बैठकीची लावणी गायली जाते, अकलूजमध्ये लावणीच्या स्पर्धा रंगल्या, आणि तरी आपल्या घरातली ताई पाहुणे गेल्यावरच ती लावते.

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घ्या. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर विठ्ठलाच्या गाण्यांतून तो सगळ्यांच्या कानावर पडतो, आणि कुणी आवाज कमी करायला सांगत नाही. त्याच गळ्याची भीमगीतं एप्रिलमध्ये चौकात लागली, की काही घरांच्या खिडक्या लागतात. हे संगीताविषयीचं मत आहे असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही.

सोलापूरच्या पूर्वभागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, तेलुगू गाणी ऐकत वाढलेली मुलं कॉलेजात आली की स्टेटसला हिंदी गाणी ठेवायला लागतात. त्यांना तेलुगू गाणी आवडेनाशी झालेली नसतात. आई-आजीची भाषा वर्गात सांगितली तर चेष्टा होईल का, याची ती भीती असते.

उतरंड बदलते, पण जात नाही. अमेरिकेत रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न यांनी १९८२ आणि १९९२ च्या पाहण्यांची तुलना केली, तेव्हा वरच्या वर्गातले लोक आता फक्त उच्चभ्रू संगीत न ऐकता सगळ्या प्रकारचं ऐकतात असं दिसलं. आता प्रतिष्ठा ‘मी सगळं ऐकतो’ म्हणण्यात आहे. ज्याला फक्त आपल्या आवडीची वीस गाणी पुरतात त्याला नव्याने ओशाळं व्हायला लागतं.

‘पण सगळ्यांनाच आवडतं, म्हणजे त्यात काहीतरी असणारच ना?’

काहीतरी असतं, पण आपल्याला वाटतं तेवढं नाही. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी याची चाचणी घेतली आणि २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती छापून आली. चौदा हजारांहून जास्त लोकांना एका वेबसाइटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. इतरांची आठ वेगवेगळ्या गटांत विभागणी केली होती, आणि प्रत्येक गटाला आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं तो आकडा दिसत होता. गाणी तीच असूनही प्रत्येक गटात लोकप्रिय ठरलेली गाणी वेगळी निघाली. फारच चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फारच वाईट वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीला कुणी काय ऐकलं यावर ठरलं. पुढच्या प्रयोगात त्यांनी आकडे मुद्दाम उलटे करून दाखवले, तर नावडती गाणी काही काळ खरोखर लोकप्रिय झाली.

हुतात्मा स्मृतिमंदिरातल्या एखाद्या गायनाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसून पुढे बघा. सम येते तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक-दोन जाणकारांचे हात बरोबर जागेवर पडतात. त्यांच्या मागच्यांचे किंचित उशिरा पडतात, त्यांच्याही मागच्यांचे आणखी उशिरा. दाद मागे मागे सरकत जाते. ती खोटी नसते, शिकण्याची हीच रीत आहे. पण शेवटच्या रांगेतल्या नवख्याला वाटतं, सगळ्या सभागृहाला कळलं, मलाच नाही कळलं. त्याच्या शेजारच्यालाही हेच वाटत असतं, आणि दोघेही मान डोलवतात. मनातून एक आणि वागण्यात दुसरं, असं सगळेच करतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. मानसशास्त्रात या प्रकाराचा अभ्यास १९३० च्या दशकापासून होतो आहे. तो मोडायला एकाने उघड बोललं तरी पुष्कळ फरक पडतो.

‘म्हणजे दर्जा नावाची गोष्टच नाही?’

आहे, आणि ती सोडून देऊ नये असं माझं ठाम मत आहे. ‘मला आवडत नाही’ आणि ‘हे वाईट आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याला पुरावा लागत नाही. दुसऱ्याला लागतो: सूर लागला का, लय सांभाळली का, शब्द आणि चाल एकमेकांना धरून आहेत का. किशोरी आमोणकर कानाला जड वाटतात असं कुणी म्हटलं तर तो त्याचा अनुभव आहे. त्या बेसूर गात असं म्हटलं तर ते चूक आहे.

पण जाणकारांचाही निकाल अंतिम नसतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. या वाद्यातून भारतीय संगीतातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, आणि सूक्ष्म स्वर निघत नाहीत, हा आक्षेप होता, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्यही आहे. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत ज्याला पेटीचा आवाज मनापासून आवडत होता तो अधिकृत मताप्रमाणे अडाणी ठरत होता. आज ख्यालाच्या मंचावर पेटी नसेल तर लोक विचारतात. १९५० च्या दशकात नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. लोकांच्या कानाला वरून हुकूम देता येत नाही, ही नोंद सरकारी खर्चाने झाली आहे.

ज्यांना गाणंच आवडत नाही

थोडे लोक असे असतात की त्यांना कुठलंच संगीत आनंद देत नाही. बार्सिलोनामधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा निरोगी माणसांचा अभ्यास केला. ती उदास नव्हती, सूर ओळखू शकत होती, पैसे जिंकल्यावर इतरांसारखीच खूश होत होती. फक्त संगीताने त्यांच्यात काही हलत नव्हतं. अशांचं प्रमाण शंभरात साधारण तीन ते पाच धरलं जातं. घरात असं कुणी असेल तर त्याला ‘अरसिक’ म्हणणं थांबवा. त्याच्या बाजूने हे किती एकटं पडणं असेल याचा विचार करा. प्रत्येक लग्नात, प्रत्येक सणात सगळे ज्याने फुलतात त्यात तो फक्त उभा असतो.

न आवडलेलं पुन्हा ऐकायचं का?

परिचयाने आवड वाढते हे खरं, पण त्याला अट आहे. सुरुवातीला जे निव्वळ अनोळखी वाटलं ते ओळखीने गोड होतं. सुरुवातीपासून जे नकोसं झालं ते वारंवार कानावर आदळलं तर आणखी नकोसं होतं. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून तेच गाणं चार तास ऐकून ते कुणाला आवडू लागल्याचं ऐकिवात नाही. मुलांना बळेच शास्त्रीय संगीत ऐकायला बसवणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावं.

त्यातून समोरच्याने कबुली दिली तर आपण काय म्हणतो याला फार किंमत आहे. ‘काय? अजून कुमार गंधर्व ऐकले नाहीस?’ या एका वाक्याने पोरगं पुढची दहा वर्षं कुमारजींचं नाव ऐकलं की मान डोलवून वेळ मारून नेतं, आणि ऐकत मात्र नाही. माझ्या ओळखीतल्या एका मामांची पद्धत मला आवडते. भाचा म्हणाला, ‘मामा, मला त्यातलं काही कळत नाही.’ मामांनी विचारलं, ‘तुला काय आवडतं ते आधी सांग.’ भाच्याने झिंगाट नाचाच्या गाण्यांची नावं घेतली. मामा म्हणाले, ‘मग तुला लय आवडते. द्रुत तीनतालातला एक तराणा देतो, सहा मिनिटांचा आहे. शब्दांना अर्थ नाही, त्यामुळे कळायचा प्रश्नच नाही. शेवटचं दीड मिनिट नीट ऐक. नाही आवडलं तर तसं सांग, मग मी तुझ्या यादीतलं एक ऐकतो.’

भाच्याला तराणा बरा वाटला, पण पुन्हा लावावासा वाटला नाही, आणि त्याने तसं सांगितलं. ठरल्याप्रमाणे मामांनी भाच्याचं गाणं ऐकलं, आणि त्यातल्या हलगीच्या तुकड्यासाठी ते दुसऱ्यांदा लावायला सांगितलं.